आपल्याच शहरात राहून जॅझ पियानोवादक होताना

जॅझ पियानो शिकणाऱ्या बहुतेक तरुणांच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्कमधले क्लब, स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रणे आणि जगभरचे दौरे असतात, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र या संगीतावर उपजीविका करणारे कितीतरी पियानोवादक यांपैकी फारसे काही न करता एकाच शहरात आणि त्याच्या आसपासच्या टापूत वर्षानुवर्षे वाजवतात, शिकवतात आणि सन्मानाने जगतात. मी त्यांच्यापैकीच एक आहे. या वाटेने येऊ पाहणाऱ्यांना हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते कळावे म्हणून मी लिहीत आहे, आणि माझे म्हणणे आधीच मांडतो: या व्यवसायात तुम्हाला पुन्हा बोलावणे येते ते तुम्ही केलेल्या साथीमुळे, आणि शिकवणे हासुद्धा साथीचाच एक प्रकार आहे.

अशा आयुष्याला कमी लेखण्याचे कारण नाही, हे पटण्यासाठी दोन जॅझ पियानोवादकांकडे पाहावे. 1934 साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या एलिस मार्सालिस यांनी कारकिर्दीचा मोठा भाग त्याच शहरात घालवला. 1974 पासून ते तिथल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह आर्ट्समध्ये शिकवू लागले, पुढे न्यू ऑर्लिन्स विद्यापीठातील जॅझ अभ्यासक्रमाची धुरा त्यांनी 2001 पर्यंत सांभाळली, आणि त्याचबरोबर स्नग हार्बर या क्लबमधली त्यांची शुक्रवारची मैफल अनेक वर्षे चालू राहिली. टेरेन्स ब्लँचर्ड, डोनाल्ड हॅरिसन, हॅरी कॉनिक ज्युनियर आणि स्वतःची मुले ब्रॅनफर्ड व विन्टन ही सारी त्यांच्या हाताखालून गेली. दुसरे बॅरी हॅरिस. 1960 मध्ये न्यूयॉर्कला जाण्यापूर्वी डेट्रॉइटमधले त्यांचे घर हीच तिथल्या तरुण वादकांची शाळा होती, आणि नंतर न्यूयॉर्कमध्येही त्यांनी साप्ताहिक वर्ग चालवले ते 2021 मध्ये वयाच्या एक्क्याण्णवव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत. या दोघांनीही वादन आणि अध्यापन यांच्यात भिंत उभी केली नाही.

आता साथीविषयी, कारण खरे काम तिथे आहे. नवा पियानोवादक बँडमध्ये बसला की दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वाजवू लागतो, त्यात कॉर्ड ज्याच्यावर उभी असते तो मूळ सूरही दाबून वाजवतो, आणि बासवादकाची जागा खाऊन टाकतो. मूळ सूर देणे हे बासचे काम आहे. पियानोने मूळ सुरापासून मोजलेला तिसरा आणि सातवा सूर दिला तरी ऐकणाऱ्याला संपूर्ण हार्मनी कळते. सी मेजरमधली कॉर्डची सर्वांत परिचित मालिका घ्या: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. पहिल्या कॉर्डमधले एफ आणि सी हे दोनच सूर डाव्या हातात धरा. दुसऱ्या कॉर्डला एफ जागेवरच राहतो आणि सी अर्धा सूर खाली सरकून बी होतो. तिसऱ्या कॉर्डला बी जागेवर राहतो आणि एफ अर्धा सूर उतरून ई वर येतो. दर वेळी एकच बोट हलले आणि तीन कॉर्ड पार पडले. ही जोडी बाराही पट्ट्यांमध्ये, कागदाकडे न पाहता आणि सोबत मूळ धून गात वाजवता येईपर्यंत पुढचे काहीही शिकायची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. नववा आणि तेरावा सूर, पियानोवादक बिल इव्हान्स यांनी रूढ केलेली मूळ सुराशिवायची व्हॉइसिंग्ज (कॉर्डमधल्या सुरांच्या मांडण्या), चौथ्या अंतरांवर रचलेल्या कॉर्ड, हे सगळे या दोन सुरांभोवती नंतर आपोआप बसत जाते.

कोणते सूर वाजवायचे यापेक्षा ते केव्हा वाजवायचे हा प्रश्न अवघड आहे, आणि तो पुस्तकातून सुटत नाही. त्यासाठी मी विद्यार्थ्यांना ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा 1959 चा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा आल्बम एका विशिष्ट कारणासाठी ऐकायला लावतो. त्यातल्या ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एकाच रचनेत पियानोवर विन्टन केली आहेत. बाकी सर्व रचनांमध्ये बिल इव्हान्स आहेत. शिंगवाद्ये (ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन) तीच, बास तोच, ड्रम तेच, आणि तरीही केलींच्या साथीत कॉर्ड छोट्या, टोकदार आणि ड्रमशी बोलणाऱ्या वाटतात, तर इव्हान्स यांच्या साथीत त्या लांब धरलेल्या आणि रंग भरणाऱ्या आहेत. दोघांच्या रचनांमधला प्रत्येकी एक सोलो निवडून सोलोवादकाकडे संपूर्ण दुर्लक्ष करायचे आणि फक्त पियानो कुठे गप्प राहतो याची नोंद करायची, असा हा अभ्यास आहे. पहिल्या बैठकीत कंटाळा येतो. पण शांततेच्या जागा एकदा ऐकू येऊ लागल्या की स्वतःच्या वादनातली गर्दी आपोआप कमी होते.

गायकाची साथ हा वेगळाच अभ्यास आहे आणि स्थानिक वादकाला सर्वाधिक काम त्यातूनच मिळते. लीड शीट (धून आणि कॉर्ड लिहिलेला कागद) बहुधा शिंगवाद्यांना सोयीच्या पट्टीत छापलेली असते, गायिका मात्र तिच्यापासून चार-पाच अर्धसूर दूर गाते, आणि हे अनेकदा मंचावर चढतानाच कळते. म्हणून कॉर्ड अक्षरांनी पाठ न करता पट्टीच्या संदर्भातल्या क्रमांकांनी पाठ कराव्यात. म्हणजे पट्टी बदलली तरी रचना बदलत नाही. चार बारच्या (तालाच्या चार आवर्तनांच्या) इंट्रोचे, म्हणजे गाण्याआधीच्या वादनाचे, उद्दिष्ट एकच असते: गायकाला लय, पट्टी आणि पहिला सूर निःसंदिग्धपणे मिळावा. तिथे आपली कल्पकता दाखवण्याचा मोह आवरावा. संथ गाण्यात ओळ संपून गायक श्वास घेतो तेवढीच जागा आपली असते, आणि तीही दर ओळीला भरायची नसते. पियानोवादक हँक जोन्स हे या कलेचे फार मोठे जाणकार. त्यांनी दशकभराहून अधिक काळ सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीत नोकरीतले पियानोवादक म्हणून काम केले, आणि मे 1962 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मेरिलिन मन्रो यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडींना गाऊन शुभेच्छा दिल्या तेव्हा पियानोवर तेच होते. थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करबरोबर वाजवलेल्या माणसाला ते काम हलके वाटले नाही, यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

अष्टपैलुत्व म्हणजे सगळ्याच शैली थोड्याथोड्या येणे, असा समज आहे आणि तो फसवा आहे. एका शहरात राहणाऱ्या पियानोवादकाला आठवडाभरात संगीत नाटकाच्या वाद्यवृंदात, नृत्यवर्गात, समूहगायनाच्या तालमीत, हॉटेलच्या लॉबीत एकट्याने आणि शेवटी जॅझ ट्रिओत वाजवावे लागू शकते, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्याकडून अपेक्षा वेगळी असते. नाटकात संचालकाच्या हाताकडे डोळा ठेवून लिहिलेले जसेच्या तसे वाजवावे लागते, आणि एखादी ओळ नटाने गाळली तर क्षणात त्याच्याबरोबर पुढे उडी घ्यावी लागते. नृत्यवर्गात आठ-आठ मात्रांचे वाक्य अढळ हवे आणि लय शिक्षक मागेल तीच हवी. समूहगायनात चारही आवाजांच्या ओळी एकत्र वाचता याव्या लागतात. एकट्याने वाजवताना बास आणि ड्रम दोन्ही डाव्या हातात येतात, म्हणून स्ट्राइडची (डाव्या हाताने खालचा सूर आणि वरची कॉर्ड आलटूनपालटून वाजवण्याच्या शैलीची) मोठी उडी आणि चालती बासओळ यांचा रियाझ चुकवता येत नाही. या सगळ्यांत समान काय असेल तर समोरच्याला या क्षणी काय हवे आहे ते ओळखण्याची सवय. पियानोवादक जाकी बायर्ड एकाच रचनेत जुन्या स्ट्राइडपासून मुक्त, बंधनरहित वादनापर्यंत सहज जात आणि बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकवतही. त्यांचे वादन ऐकताना जाणवते की ही अनेक शैलींची गोळाबेरीज नाही, एकाच कानाने घेतलेला सगळ्या इतिहासाचा ठाव आहे.

वाद्याविषयीही थोडे सांगायला हवे, कारण पियानोवादक आपले वाद्य बरोबर नेत नाही. समोर येईल ते वाजवावे लागते. म्हणून कार्यक्रमाच्या बरेच आधी पोहोचून सर्वांत खालच्या पट्टीपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी एकेकदा दाबून पाहावी, न वाजणारी किंवा अडकणारी पट्टी लक्षात ठेवावी, आणि पेडल सोडल्यावर आवाज खरोखर थांबतो का तेही तपासावे. पियानो सगळाच थोडा उतरलेला असेल तर सॅक्सोफोनवादक वाद्याचा तोंडाकडचा भाग (माउथपीस) बाहेर ओढून सूर जुळवून घेऊ शकतो. धातूच्या पट्ट्यांचे व्हायब्राफोन वाजवणाऱ्याला तशी सोय नाही. ही गोष्ट मैफल सुरू झाल्यावर न कळता आधी कळली तर कीबोर्ड मागवता येतो.

शिकवण्याकडे येतो. अनेक वादक शिकवणीकडे कार्यक्रम नसलेल्या दिवसांची सोय म्हणून पाहतात, आणि विद्यार्थ्यांना ते लगेच कळते. माझा अनुभव असा आहे की शिकवल्यामुळे माझे वादन स्वच्छ झाले, कारण जी गोष्ट बोटांना नुसती सवयीने येत होती तिचे कारण शोधणे भाग पडले. बॅरी हॅरिस यांची एक युक्ती मी सतत वापरतो. सी मेजरच्या सात सुरांत जी आणि ए यांच्यामध्ये ए फ्लॅट घातला की आठ सूर होतात. सरळ लयीत सी वरून मात्रेला दोन सूर याप्रमाणे आठ-आठ सूर वाजवत गेले, की सी, ई, जी आणि ए हे कॉर्डचे सूर बरोबर मात्रेवर पडतात आणि बाकीचे चार मधल्या जागांवर जातात. सात सुरांच्या पट्टीत हे जमत नाही. दुसऱ्या फेरीत कॉर्डचे सूर मात्रेवरून घसरतात. एका जादा सुराने ओळीला लयीचा कणा मिळतो, हे विद्यार्थ्याच्या कानाला पटले की सिद्धान्त समजावून सांगण्याची गरजच उरत नाही.

अभिजात पियानो शिकून आलेला विद्यार्थी आणि कानाने वाजवणारा विद्यार्थी यांना एकच धडा चालत नाही. पहिल्याची बोटे तयार असतात, पण कागद काढून घेतला की तो गोठतो. त्याला मी बारा बारच्या ब्लूजवर फक्त दोन सूर देतो आणि त्यांतून लयीची जितकी वाक्ये निघतील तितकी काढायला सांगतो. सूर कमी असले की चुकण्याची भीती राहत नाही आणि लक्ष आपोआप लयीकडे जाते. दुसऱ्याला नेमके उलटे हवे असते: हळू लय, बोटांचा क्रम आणि लिहिलेले वाचण्याची शिस्त. दोघांनाही दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी देत धून गायला लावतो, आणि ते वाजवत असताना शेजारच्या पियानोवर बासची ओळ वाजवतो. विद्यार्थ्याची लय डळमळली तर मी बोलून थांबवत नाही. बास अधिक स्पष्ट करतो, आणि तो बहुतेक वेळा स्वतःच सावरतो. शिकवणे ही साथ आहे असे मी म्हणतो ते यासाठी.

शाळेतला बिग बँड (मोठा जॅझ वाद्यवृंद) हाताळायची वेळ आली तर एक गोष्ट पहिल्याच तालमीत ठरवावी: पियानो आणि गिटार एकाच वेळी कॉर्ड देणार नाहीत. बहुतेक छापील भागांत दोघांनाही कॉर्ड लिहिलेल्या असतात, आणि दोघे एकत्र वाजवू लागले की शिंगवाद्यांच्या ओळी त्यात बुडतात. एका सोलोला पियानो, पुढच्याला गिटार, एवढी वाटणी पुरते. पियानोवादक काउंट बेसी स्वतःच्या बँडमध्ये किती मोजके वाजवत आणि तालाचा भार फ्रेडी ग्रीन यांच्या गिटारवर कसा सोपवत, हे मुलांना ऐकवले की वाद उरत नाही.

व्यवहाराबाबत थोडक्यात. बिदागी, वाजवण्याचा एकूण वेळ, मध्यंतरे आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय, या चार बाबी आधी लेखी घ्याव्यात. ओळखीच्या माणसाकडूनही घ्याव्यात. शिकवणीचे उत्पन्न नियमित असते आणि कार्यक्रमांचे ऋतूनुसार कमीजास्त होते, म्हणून घरखर्च पहिल्यावर बेतावा. मनगट दुखू लागले तर दुखण्यावर वाजवत राहू नये. ड्रमच्या शेजारी रोज बसणाऱ्याने कानांचे संरक्षण पहिल्या वर्षापासून करावे, कारण कानांचे नुकसान भरून येत नाही.

शेवटची बाब बदली वादकाची. कधीतरी एकाच रात्री दोन कामे येतात किंवा आजारपण येते, आणि तुमच्या जागी कोणाला पाठवायचे ते तुम्हालाच ठरवावे लागते. तयार विद्यार्थ्याला पाठवण्यात कमीपणा नाही. मात्र तो आधी एकदा तुमच्या शेजारी बसून तो कार्यक्रम ऐकून आलेला असावा. त्याच्या हाती रचनांची यादी, प्रत्येक रचनेची पट्टी, लय कोण मोजून देतो आणि शेवट कसा होतो, हे लिहून द्यावे. गायकाला बदल आदल्या दिवशी कळवावा, मंचावर नव्हे. त्या रात्रीची पूर्ण बिदागी विद्यार्थ्याची, आणि दुसऱ्या दिवशी गायकाला फोन करून साथ कशी झाली ते विचारण्याचे काम तुमचे.