बाळाची पापणी जन्मापासून पडलीय, ऑपरेशन कुठलं करायचं ते ठरवताना

आपल्याकडं खानापूर, निपाणी, चिकोडीकडं अजून ऐकायला मिळतंय, "मोठं झालं की उघडतंय ओ आपोआप". नाही उघडत. पापणी वर ओढणारा लेव्हेटर स्नायूच जन्मतः नीट झालेला नसतोय, तेल लावून नाहीतर ड्रॉप घालून तो वाढत नाही.

कुठलं ऑपरेशन, खर्च किती हे नंतर. आधी डोळ्यात ड्रॉप घालून नंबर तपासून घ्या. पापणीनं बाहुली झाकली असेल तर मेंदू त्या डोळ्यानं बघायला शिकतच नाही, डोळा लेझी होतोय, मग वर्ष दोन वर्षाचं बाळ असलं तरी थांबायचं नाही. बाहुली मोकळी आहे, नजर चांगली आहे, तर साधारण ३ ते ५ वर्षांपर्यंत थांबता येतंय, कारण तेव्हा माप नीट मिळतंय.

हे मापच सगळं ठरवतंय. डॉक्टर भुवई अंगठ्यानं दाबून धरतात, पोराला खाली मग वर बघायला लावतात आणि पापणी किती मिमी उचलली ते पट्टीनं मोजतात, चांगल्या डोळ्यात हे १५ मिमीच्या आसपास येतंय. हा आकडा कागदावर लिहून मागा, कानडीत सांगितलेलं नीट कळलं नसेल तर न लाजता परत विचारा.

५ मिमी किंवा जास्त असेल तर बहुतेक लेव्हेटर रिसेक्शन, म्हणजे तोच स्नायू कापून आखूड करतात, टाका पापणीच्या घडीत लपतोय. ४ किंवा कमी असेल तर त्या स्नायूत दमच नाही, तिथं स्लिंग करतात, पापणी दोरीसारख्या पट्टीनं कपाळाच्या स्नायूला बांधतात आणि पोरगं भुवई उचलून डोळा उघडतंय. स्लिंगमध्ये खरा प्रश्न दोरीचा आहे. सिलिकॉन लहान बाळाला चालतंय, घट्ट-सैल करता येतंय, काढता येतंय, पण पुढं सुटू शकतंय, परत ऑपरेशन लागू शकतंय. मांडीतली फॅशिया, म्हणजे पोराच्याच मांडीतनं काढलेली चिवट पडद्याची पट्टी, जास्त टिकते, पण पोर तीनेक वर्षांचं तरी लागतंय आणि मांडीवर व्रण राहतोय. नजर वाचवायची घाई असलेल्या तान्ह्या बाळाला मी सिलिकॉनच म्हणेन, मोठ्या पोराला फॅशियाचं विचारा. पापणी जेमतेम पडलेली आणि स्नायू चांगला असेल तर आतून करायचं छोटं ऑपरेशन असतंय, पण जन्मजात केसमध्ये ते थोड्यांनाच लागू पडतंय.

दूध पिताना, चावताना पापणी उडते का ते घरी बघा आणि व्हिडिओ दाखवा, तसं असेल तर प्लॅन बदलू शकतोय. पोरानं डोळे घट्ट मिटले की बुबुळ वर जातंय का तेही विचारा, जात नसेल तर ऑपरेशननंतर बुबुळ सुकायची भीती जास्त.

बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर, कुठंही जा, पण लहान मुलांच्या पापण्या नेहमी करणारा ऑक्युलोप्लास्टीवाला, म्हणजे पापण्यांची ऑपरेशनं करणारा डोळ्यांचा डॉक्टर आणि लहान मुलांना भूल देणारा डॉक्टर बघा. सरकारी योजनेच्या कार्डावर होतंय का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

ऑपरेशननंतर झोपेत डोळा थोडा उघडा राहतोय, त्याला घाबरू नका, पण सांगितलेलं मलम आणि ड्रॉप एक दिवस पण चुकवू नका. लेझी डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर लावायला सांगितलेली पट्टी आणि चष्मा चालूच ठेवायचा, पापणी वर गेली म्हणून नजर आपोआप येत नाही. डोळा लाल झाला, दुखायला लागला, पांढरा डाग दिसला नाहीतर पोर उजेडाकडं बघेना झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.