तारेतारकांच्या ‘नैसर्गिक’ बेबी ब्रँडचा डबा उलटा करून कसा वाचावा

डब्याच्या पुढच्या बाजूला हिरवं पान, कापसाचं बोंड आणि ‘हे नाही, ते नाही’ची लांब यादी असते. ती जाहिरातवाल्यांनी लिहिलेली असते. माल समजून घ्यायचा तर डबा उलटा करायचा.

या धंद्याचा नमुना म्हणजे ऑनेस्ट कंपनी. हॉलिवूडची अभिनेत्री जेसिका अल्बा हिने २०११ मध्ये भागीदारांसह ती काढली. बाळाचे कपडे धुताना बेबी डिटर्जंटनेच अंगावर पुरळ उठलं, ही तिने सांगितलेली सुरुवात. डायपर, वाइप्स, डिटर्जंट, क्लीनर असा सगळा संसार कंपनीने मांडला. २०१६ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने प्रयोगशाळांत तपासून घेतलेल्या कंपनीच्या डिटर्जंटमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट (एसएलएस) हे फेस आणणारं, पण कातडी कोरडी करू शकणारं रसायन सापडलं. ते आमच्या मालात नाही, असं कंपनी सांगत आली होती. कंपनीचं म्हणणं, आम्ही सोडियम कोको सल्फेट वापरतो. कोर्टात खटले झाले आणि २०१७ मध्ये साडेपंधरा लाख डॉलरवर तडजोड झाली.

हा वाद नीट समजला तर लेबल वाचणं निम्मं जमलं. खोबरेल तेलात सर्वांत मोठा वाटा लॉरिक आम्लाचा. त्या तेलातल्या सगळ्या मेदाम्लांपासून मिश्र सल्फेट बनवलं की त्याला कोको सल्फेट म्हणतात, आणि त्यातला मोठा हिस्सा लॉरिल सल्फेटचाच असतो. म्हणजे नारळाचं नाव दिसलं म्हणून फेस सौम्य होत नाही. (रिठाही अस्सल झाडाचाच, त्याचं पाणी डोळ्यांत गेल्यावर विचारा.) त्यामुळे ‘एसएलएस-फ्री’ वाचलं की यादीत ‘कोको सल्फेट’ शोधा. सापडलं आणि बाळाची कातडी कोरडी किंवा एक्झिमाची असेल, तर ती बाटली परत ठेवा. ग्लुकोसाइडने संपणारी नावं, उदाहरणार्थ डेसिल ग्लुकोसाइड, सहसा सौम्य. फेस कमी येतो म्हणून माणसं जास्त ओततात, तेवढं मात्र टाळा.

शाम्पू, लोशन, वाइप्सच्या यादीत घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात. एक टक्का आणि त्याखालचे कसेही लिहिता येतात. फिनॉक्सिएथॅनॉल हे परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) साधारण एक टक्क्याच्या आतच वापरतात, म्हणून ते खुणेचा दगड समजा. त्याच्यानंतर आलेला कोरफडीचा अर्क, बदामाचं तेल, कॅमोमाइल बहुतेक नावापुरतं असतं. पुढच्या बाजूवर मात्र त्याचंच चित्र मोठं.

वासाचं कलम वेगळं पाहा. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही. पण मूळ वास झाकायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. हवं ते ‘फ्रॅग्रन्स-फ्री’. लॅव्हेंडर किंवा संत्र्याचं तेल झाडाचं असलं तरी त्यातली लिनालूल, लिमोनीन ही द्रव्यं काहींना पुरळ आणतात.

‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ या शब्दांवर उड्या मारू नका. ओल्या वाइप्सच्या पाकिटात पाणी आणि तंतू दोन्ही असतात, बुरशीला आणखी काय लागतं? ऑनेस्टला २०१७ मध्ये बुरशीच्या शंकेवरून काही वाइप्स परत बोलवावे लागले होते. परिरक्षक हवंच, फक्त मिथाइलआयसोथायझोलिनोन नको. त्याची ॲलर्जी बरीच आढळते. झाकण घट्ट लावा. काळे ठिपके किंवा कुबट वास आला तर अख्खं पाकीट फेका.

आता डायपर. वरचा थर, आत लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि पाणी धरणारी पूड, मागे न गळणारा पापुद्रा. वरचा थर मक्यापासूनचा असला तरी आतली सोडियम पॉलिॲक्रिलेटची पूड बहुधा खनिज तेलातूनच आलेली असते. ‘प्लँट-बेस्ड’ म्हणजे खत होणारा, असं नाही. ‘टोटली क्लोरीन-फ्री’ म्हणजे फक्त लगदा क्लोरीनशिवाय पांढरा केलेला.

जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवतात ते बहुधा रंगवलेलं साधं पाणी असतं. ही पूड साधं पाणी कितीतरी जास्त पिते. लघवीतल्या क्षारांनी तिची ताकद पार घटते. घरी तपासायचं तर असं:

१. अर्धा लिटर कोमट पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ विरघळवा. चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमी.
२. डायपर पसरून, बाळाची धार पडते तिथे ५० मिलि ओता. दहा-दहा मिनिटांनी आणखी दोनदा.
३. शेवटच्या ओतण्यानंतर दहा मिनिटांनी त्यावर टिश्यूची चार पदरी घडी आणि तिच्यावर एक किलो साखरेची पिशवी १५ सेकंद ठेवा.

टिश्यू चिंब झाला तर रात्री पुरळ येण्याची भीती. नुसता दमट झाला तर चालेल. पाणी मधे न मुरता कडेने वाहिलं तर दोष मापाचा किंवा कडेच्या चुणीचा. एक नंबर मोठा घेऊन पुन्हा करा. किंमत पाकिटाची नाही, नगाची काढा, आणि रात्री किती बदलावे लागतात त्याने गुणा.

डिटर्जंट थेट कातडीवर लावून तपासू नका. एक झबलं त्यात धुवा, जास्तीचं एकदा खळबळा, दोन तास घाला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मान-काखा पाहा. पुष्कळदा दोष साबणाचा नसून दुप्पट मात्रेचा आणि अर्धवट खळबळण्याचा असतो.

नाव कुणाचं यापेक्षा आज मालक कोण, हे वर्षाकाठी एकदा बघावं. क्रिस्टन बेल आणि डॅक्स शेपर्ड या हॉलिवूडच्या जोडप्याच्या हॅलो बेलो या बेबी ब्रँडने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. अल्बा २०२४ मध्ये कंपनीतल्या पदावरून बाजूला झाली. आपल्याकडे आलिया भट्टच्या एड-अ-मम्मा या मुलांच्या कपड्यांच्या ब्रँडमध्ये रिलायन्स रिटेलने २०२३ मध्ये ५१ टक्के हिस्सा घेतला. मालक बदलला की घटकही बदलू शकतात. जुनं पाकीट जपून नव्याशी ओळ न् ओळ ताडून बघा. आणि दरमहा घरपोच येणाऱ्या योजनेत वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची हिरव्या दाव्यांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ पासून आहेत. नुसतं ‘इको-फ्रेंडली’ लिहून भागत नाही, आधार द्यावा लागतो. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवर आयएस १७०८८ हा भारतीय मानकाचा क्रमांक शोधा. आधार विचारूनही कंपनी गप्प बसली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या फोन नंबरवर तक्रार नोंदवा; पाकिटाच्या मागच्या बाजूचा आणि बॅच नंबरचा फोटो आधीच काढून ठेवा.