जत्रेच्या रात्रीचे फोटो काढायचेत? मग कॅमेरा घेताना आधी लेन्सचं बघा

आमच्याकडे जत्रेत दशावतार सुरू होईपर्यंत मध्यरात्र उलटून जाते, मंडपात दोन-चार ट्यूबा आणि एखादा एलईडी फोकस एवढाच उजेड, आणि त्यात काळ्या वेषातला संकासुर, दशावतारातला राक्षस, गर्रकन वळतो. पहिल्या वर्षी मी कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सनेच दीडशेक फोटो काढले, घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर एकही धड नाही, सगळीकडे नुसता काळा फराटा. तेव्हापासून कुणी विचारलं की रात्रीच्या फोटोंसाठी स्वस्तातला कॅमेरा कुठला घेऊ, तर मी आधी लेन्सवरच येतो.

कारण असं बघा. किटमधली, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी, १८-५५ लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर जाऊन बसते (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते). ५० एमएमची साधी फिक्स, म्हणजे झूम नसलेली, लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते, म्हणजे जवळपास दहापट उजेड आत घेते. त्याच मंडपात, त्याच आयएसओवर (म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता तेवढीच ठेवून) किट लेन्सला १/२५ सेकंदाचा शटर लागत असेल तर हिला १/२५० पुरतो, आणि नाचणारा माणूस १/२५ ला हललेलाच येणार, १/२५० ला बऱ्यापैकी थांबतो. इथे लोक म्हणतात की माझ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे ना, पण ते आपला हात हलतो तेवढंच सांभाळतं, समोरचा नट हलतोय त्याला ते काय करणार. म्हणून बजेट कितीही असो, निदान तिसरा हिस्सा लेन्ससाठी बाजूला काढा, बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, जरा जुनी घेतली तरी चालेल.

दुसरं म्हणजे सेन्सर, लेन्समागे फोटो टिपणारा तुकडा. दुकानात ते लांबलचक झूमवाले कॅमेरे दिसायला एकदम डीएसएलआरसारखे असतात, पण त्यातल्या बहुतेकांचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. साध्या डीएसएलआरमधला एपीएस-सी सेन्सर त्याच्या बारा-तेरा पट मोठा असतो आणि त्याहून मोठा फुलफ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरचा. दिवसा फरक पटकन कळत नाही, रात्री मात्र छोट्या सेन्सरवर आयएसओ वाढवला की चेहऱ्यावर रवाळ दाणे दाणे येतात. मेगापिक्सेलच्या मागे अजिबात लागू नका, २० काय नि २४ काय. आणि खोक्यावर छापलेला सगळ्यात वरचा आयएसओ तर विसरूनच जा, दुकानात काउंटरखालच्या अंधाऱ्या जागेचा एक फोटो ३२०० ला आणि एक ६४०० ला काढा आणि स्क्रीनवर पूर्ण मोठा करून बघा, जे दिसेल ते खरं.

माझी पसंती विचाराल तर सेकंडहँड कॅनन २००डी आणि त्यावर ५० एमएम एफ १.८ एसटीएम. ही लेन्स या एपीएस-सी बॉडीवर फुलफ्रेमवरच्या ८० एमएमसारखी दिसते, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतून नटाचा कमरेपर्यंतचा फोटो छान येतो, पण घरच्या गणपतीच्या आरतीला खोलीत मागे सरकायला जागाच उरत नाही, तिथे जास्त रुंद दिसणारी ३५ एमएम बरी. निकॉनमध्ये डी५३०० किंवा डी३५०० आणि ३५ एमएम एफ १.८जी ही जोडी मस्त आहे, फक्त एक सांभाळा, या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाहीये, त्यामुळे लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं हवं, म्हणजे मोटर लेन्समध्येच असते, जुनी डी वाली ५० एमएम स्वस्त मिळते म्हणून उचललीत तर फोकस हातानेच फिरवत बसावं लागेल. थोडं वजन चालणार असेल तर २०१२ साली आलेला कॅनन ६डी बघा, फुलफ्रेम आहे, मधला फोकस पॉइंट अगदी मिणमिणत्या उजेडातही पकडतो, बाकीचे पॉइंट मात्र अंधारात फार भरवशाचे नाहीत, आणि वर सांगितलेली कॅननची ५० एमएम यालाही बसते.

सेकंडहँड घ्यायला मुंबईत फोर्टमध्ये बोरा बाजारकडे जा किंवा गावात ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे विचारा, पण आपलं मेमरी कार्ड सोबत न्या. शटर किती वेळा पडलाय ते विचारा, ६डी आणि डी५३०० चं शटर साधारण एक लाख फोटोंसाठी बनवलेलं आहे. लेन्सला टोपण लावून १५ सेकंदांचा एक फोटो काढा आणि मोठा करून बघा, रंगीत ठिपके खूप दिसले तर सोडून द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. मी एकदा घाईघाईत हे केलं नाही, घरी आल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले, बुरशी. लेन्स साफ करायचा खर्च जवळपास नव्या लेन्सएवढाच सांगितला.

कॅमेरा हातात आला की आधी रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाईलमध्ये, काढायची सवय लावा, ट्यूबचा हिरवट रंग नंतर सहज काढता येतो. एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे आले तर कॅमेरा बिघडलेला नाही, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, शटर १/१०० ला आणा, पट्टे बहुतेक जातात. संकासुराच्या काळ्या कपड्यावर फोकस नुसता पुढेमागे करत राहतो, तिथे कपड्याच्या कडेवर, जिथे काळ्याला मागचा उजेड भिडतो तिथे धरा. आणि पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आठवड्यातून एकदा बाहेर काढून चार फोटो काढा.