ग्रुपसोबत उंचावरच्या ट्रेकला जाताय? मग हे बघून घ्या

पहिली गोष्ट, बुकिंगच्या आधी रोजचा प्लॅन नीट वाचा, फोटो नंतर बघा. ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर नको आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम हवाच, तो नसेल तर मी सरळ दुसरा ग्रुप शोधतो, भले दोन दिवस जास्त लागोत.

बूट नवेकोरे घालून जाऊ नका राव! महिनाभर आधीपासून तेच बूट घालून जिने चढा-उतरा. टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबून टेप लावा, लाजेखातर ग्रुपमागे पळत राहिलात तर संध्याकाळपर्यंत फोड येणार आणि पुढचे चार दिवस लंगडत काढणार. आतून कॉटनचा टीशर्ट नको, घामाने भिजला की वाळत नाही आणि थांबल्यावर जाम थंडी वाजते.

चालताना बोलता येईल एवढाच स्पीड ठेवा. धापा टाकत पहिलं पोचून काही मिळत नाही.

आणि डोकं दुखतंय, मळमळतंय तर गाईडपासून लपवू नका, आणखी वर चढू नका. सरळ रेषेत चालताना तोल जायला लागला, किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली उतरायचं, पण एकट्याने नाही.