खाडीतली जुनी फायबरची होडी घरच्या घरी परत पाण्यात कशी आणायची

आमच्या काकांची होडी सात वर्षं माडांच्या बागेत उताणी पडून होती. सोळा फुटी, चार फूट रुंद, तळ जवळजवळ सपाट, मालवणजवळच्या कालावलच्या खाडीत सुकतीला (ओहोटीला) फूटभर पाणी असलं तरी जाणारी. काका थकले, मुलं मुंबईला, आणि होडीत दर पावसाळ्यात पाणी साठायचं, झावळ्या पडायच्या, कुजायच्या. मी ती मागून घेतली तेव्हा काका एवढंच म्हणाले, "पयली सुकव, मगे हात लाव." मी तेव्हा ते ऐकलं नाही. घासली, पुट्टी भरली, छान निळा रंग मारला आणि पुढच्याच हंगामात मशीन (होडीला मागे लावायचं इंजिन) चालू असताना ते जिच्यावर बसतं त्या मागच्या फळीच्या कोपऱ्यात बोटभर चीर गेली. मशीन पाण्यात पडलं नाही हे नशीब. दुसऱ्या वेळी सगळं उलट्या क्रमाने केलं, म्हणजे रंग सगळ्यात शेवटी, आणि आता चौथं वर्ष आहे. तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण आपल्या किनाऱ्यावर अशा कितीतरी होड्या माडाखाली पडून आहेत आणि त्यातल्या बऱ्याच खरंच वाचण्यासारख्या आहेत.

कधी सुरू करायचं

फेब्रुवारी ते मे. समुद्रात यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते म्हणून बरेच जण होडी तेव्हा कामाला काढतात, पण फायबरच्या कामाला पाऊस चालत नाही. दमट हवेत रेझिन (काचेचे धागे धरून ठेवणारं, वाळून कडक होणारं द्रव) नीट पकडत नाही, आणि आत मुरलेलं पाणी तर सुकतच नाही. होडी दुसऱ्याकडून घेत असाल तर पैसे देण्याआधी रजिस्ट्रेशनचे कागद आणि लायसन कोणाच्या नावावर आहे ते बघा, आणि अंगावरचा नंबर घासून जायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

होडी जमिनीवर ठेवू नका. माडाच्या खोडाचे दोन-तीन ओंडके, त्यावर जुने टायर, त्यावर होडी, आणि गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून दोन्ही बाजू एका लेव्हलला आणा. याचा कंटाळा अजिबात करू नका. आतलं लाकूड कापून काढलं की होडीचं अंग मऊ पडतं, आणि त्या वेळी ती पिळलेली बसली असेल तर नवीन लाकूड त्याच पिळात चिकटतं आणि होडी जन्मभर एका बाजूला ओढते.

धुवा आणि सुकवा

गोड्या पाण्याने धुवा, दोनतीनदा, कारण मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. शेवाळ, चिकटलेली कालवं पत्र्याच्या खरवडणीने काढा. बुडातलं बूच काढा, नाळ (होडीचं पुढचं टोक) थोडी उंच करा म्हणजे पाणी मागे येऊन निघून जाईल. बसायच्या फळ्यांखाली बंद पेट्या असतील तर त्यांना खालून भोक पाडा. आमच्या होडीच्या मधल्या पेटीतून बादलीभर काळं पाणी आलं, आणि मग कळलं की चार माणसांनी उचलायची होडी सहा जणांना का उचलत नव्हती.

मग किमान तीन आठवडे उन्हात, वर ताडपत्रीचा मांडव पण बाजू मोकळ्या. सुकली की नाही हे हात लावून कळत नाही. फूटभर पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारी कडा टेपने पक्क्या चिकटवा आणि एक दिवस ऊन खाऊ द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब दिसले की अजून ओल आहे. मी हे पाच ठिकाणी केलं, चार जागा दहाव्या दिवशी कोरड्या झाल्या, मागच्या फळीजवळची जागा पंचविसाव्या दिवशीसुद्धा घामेजली, म्हणजे रोग कुठे आहे ते तिथेच कळलं.

ठोकून बघा

छोटी हातोडी किंवा स्क्रू ड्रायव्हरची मूठ घेऊन सगळ्या होडीवर चार-चार इंचावर ठोकत जा. चांगल्या जागी टणक, मोकळा आवाज येतो, आतून सुटलेल्या किंवा कुजलेल्या जागी नारळाच्या सोडणावर मारल्यासारखा बसका. खडूने गोल करत जा. मागच्या फळीला मात्र आवाजावर विश्वास ठेवू नका, आतल्या बाजूने 5 मिलीमीटरची चार-पाच भोकं पाडून बघा, ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळा म्हणजे बाहेरची कातडी फुटणार नाही. भुसा कोरडा, फिकट आला तर देव पावला. काळपट, ओला, आंबूस वासाचा आला तर फळी बदलायचीच, दुसरा उपाय नाही. इंजेक्शनने आत रेझिन भरा असं सांगणारे भेटतात, पण ओल्या कुजलेल्या लाकडात रेझिन जातही नाही आणि चिकटतही नाही.

ही फळी का कुजते ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुजणार नाही. बाहेरून आणि आतून फायबरची कातडी, मधे प्लायवूड. मशीनचे बोल्ट, बुचाचं भोक, दोरीची कडी, यातलं प्रत्येक भोक त्या प्लायवूडच्या पोटात जातं आणि त्याच्या कडा कोणी बंद करत नाही. तिथून पाणी आत शिरतं, बाहेर यायला वाट नसते, आणि वरचा रंग चकचकीत असला तरी आत चिखल होत राहतो.

मागची फळी बदलणे

सगळ्यात मोठं काम हेच. मास्क साध्या कापडाचा नको, धुळीचा फिल्टर असलेला हवा, डोळ्यांना गॉगल, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. खाली ताडपत्री, कारण फायबरची धूळ वाऱ्याने थेट खाडीत जाते. काम झाल्यावर आधी थंड पाण्याने आंघोळ करा, गरम पाण्याने खाज वाढते.

चार इंची ग्राइंडरने आतल्या बाजूची कातडी कापा, चारी कडांना दोन इंच पट्टी ठेवून. बाहेरची कातडी शाबूत राहिली पाहिजे, होडीचा आकार तीच धरून ठेवते. मग पटाशीने प्लायवूड काढा. आमचं अर्धं लाकूड हातानेच निघालं, भिजलेल्या मिसरीसारखा काळा लगदा, आणि वरचा एक कोपरा मात्र इतका पक्का होता की तो काढायला अख्खी दुपार गेली. सगळं निघाल्यावर आतली भिंत खरखरीत घासा आणि परत चार दिवस सुकू द्या.

पुठ्ठ्याचा साचा कापून बसवून बघा, मगच प्लायवूडला करवत लावा. प्लायवूड मरीन, ज्यावर आयएस 710 चा शिक्का असतो तेच. दुकानदार 303 दाखवून "हे पण वॉटरप्रूफ" म्हणेल, ते घरातल्या कपाटाला ठीक आहे. 18 मिलीमीटरचे दोन थर म्हणजे 36, वर दोन्ही कातड्या धरून 42 ते 45 होतात, तेवढं तुमच्या मशीनच्या क्लॅम्पमध्ये बसतं का ते आधी मोजा.

इथे मी एपॉक्सी (जास्त घट्ट धरणारं दुसरं रेझिन) वापरा म्हणेन, महाग असलं तरी. बाकी होडीला साधं पॉलिएस्टर रेझिन चालतं पण लाकडाला ते एपॉक्सीइतकं धरत नाही. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. जुन्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी चांगलं बसतं, पण एपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टर नीट बसत नाही, त्यामुळे जिथे एपॉक्सी सुरू केलं तिथे शेवटपर्यंत एपॉक्सीच. आणि एपॉक्सीबरोबर काचेच्या तुटक धाग्यांची मॅट नको, तिच्यातला चिकटवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननेच विरघळतो, एपॉक्सीत ती ताठ राहते. विणलेलं ग्लास कापड घ्या.

प्लायवूडच्या कडांना एपॉक्सीचे तीन हात मारा, कारण कड म्हणजे नळ्यांचं तोंड, पाणी तिथूनच पितं. मग एपॉक्सीत एरोसिल पावडर घालून श्रीखंडाएवढं घट्ट करा, बाहेरच्या कातडीच्या आतल्या बाजूला खाचांच्या करणीने पसरा, पहिला थर दाबा, परत लेप, दुसरा थर. जुन्या बोल्टच्या भोकांतूनच बोल्ट घालून बाहेरून-आतून लाकडी पट्ट्यांनी आवळा, पट्टीखाली प्लास्टिक घाला नाहीतर पट्टीही चिकटून बसेल. लेप कडेने सगळीकडे जरा जरा बाहेर आला की थांबा, जास्त आवळलं तर सगळा माल बाहेर येतो आणि आत लाकूड कोरडं राहतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यांत तोच लेप चमच्याच्या पाठीने गोलाई देऊन भरा, काटकोनात कापड दुमडत नाही, मागे पोकळी राहते. त्यावर कापडाचे तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन इंच रुंद, फळीवरून दोन्ही कुशींवर आणि तळावर नेलेले. मशीनचा सगळा रेटा हेच कोपरे होडीच्या अंगात पोचवतात.

चिरा आणि भोकं

वरवरची केसासारखी चीर फक्त जेलकोटची (बाहेरच्या गुळगुळीत थराची) असते, तिला टोकाने उकरून भरली की झालं. आरपार गेलेली चीर पुट्टीने कधीच भरू नका, पुट्टी वाकत नाही आणि होडी वाकते. कातडीच्या जाडीच्या बारा पट अंतरापर्यंत दोन्ही बाजूंना उतार घासायचा, म्हणजे 4 मिलीमीटर जाडी असेल तर जवळपास पाच-पाच सेंटीमीटर. बाहेरून सनमायकाचा गुळगुळीत तुकडा मेण लावून टेपने चिकटवा आणि आतून मॅटचे थर द्या.

इथे पॉलिएस्टर आणि चौरस मीटरला 450 ग्रॅमची मॅट चालते. एक चौरस मीटर मॅटला साधारण किलोभर रेझिन लागतं. हार्डनर (रेझिन कडक करणारं द्रव) किलोला 10 ते 20 मिली, एप्रिलच्या उन्हात दहाच्या आसपासच राहा, पण कंपनीने डब्यावर लिहिलेलं आधी वाचा. एका वेळी 200 ग्रॅमपेक्षा जास्त बनवू नका, आणि मेडिकलमधली सिरिंज वापरून मोजा. (एपॉक्सीला मात्र ऊन असो की गारवा, लिहिलेलं प्रमाण बदलायचं नाही.) ब्रशने टोचत, रोलर फिरवत मॅट भिजवा, पांढरी मॅट हळूहळू काचेसारखी पारदर्शक होते आणि खालची खडूची रेघ दिसायला लागते. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा आहे.

आता जिवाची गोष्ट. कोबाल्ट (रेझिन लवकर कडक व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर कधीही, थेंबभरसुद्धा, थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा म्हणजे तो धोकाच नको. हार्डनर डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते, म्हणून गॉगल काढायचा नाही आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली हवी. मगात उरलेलं रेझिन तापून धूर सोडतं, ते उघड्या जमिनीवर ठेवा, पातेऱ्यावर (सुक्या पाल्यावर) नाही.

बसायच्या पेट्या

लाकडाची होडी पाण्याने भरली तरी तरंगते, फायबरची मशीनसकट भरली तर तळाला जाते. म्हणून या पेट्यांमध्ये हवा धरणारं काहीतरी लागतं. आमच्या पेट्यांमध्ये थर्माकोल होता आणि तो पाणी पिऊन जड झाला होता. नवीन थर्माकोल घालायचा विचार असेल तर पॉलिएस्टर रेझिनने तो साखरेसारखा विरघळतो हे लक्षात ठेवा. मी झाकण घट्ट लावलेल्या लिटरच्या बाटल्या भरल्या. एक बाटली साधारण एक किलो उचलते, तीन पेट्यांत मिळून 120 बसल्या. दोन्ही टोकांना सारख्या वाटा, आणि प्रत्येक पेटीला सगळ्यात खालच्या जागी बुचाचं भोक ठेवा.

स्क्रू, कड्या, बोल्ट सगळे 316 स्टेनलेसचे, 304 ला खाऱ्या पाण्यात डाग पडतात आणि लोखंडाचं तर नावच नको. प्रत्येक भोक आधी मोठं पाडायचं, एपॉक्सीने भरायचं, सुकलं की त्यात पुन्हा हव्या मापाचं भोक पाडायचं. म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. वेळ जातो, पण मागची फळी ज्यामुळे कुजली त्याचा इलाज हाच आहे.

रंग

यात फार काही नाही. 80, मग 120, मग 220 चा पॉलिश पेपर, ॲसिटोनने पुसणं (जवळपास कुठे विस्तव नको), एपॉक्सी प्रायमर, वर दोन हात पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे. आतून फिकट रंग द्या, गडद रंगावर मे महिन्यात अनवाणी पाय ठेवता येत नाही. होडी रोज वर ओढत असाल तर तळाला कालवंविरोधी महागडा रंग लागत नाही. नंबर फोटोत बघून होता तसाच परत लिहून घ्या.

पाण्यात

पहिल्या दिवशी मशीन लावू नका. भरतीला गुडघाभर पाण्यात होडी सोडा, आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि तासभर तिथेच बांधून ठेवा. मग दोन माणसं बसवा, मग चार, आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यांत बोट फिरवून बघा. दुसऱ्या दिवशी मशीन. मशीनच्या पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या साधारण रेषेत यायला हवी, खाली गेली तर उथळ पाण्यात पंखा वाळू खातो. टाकी पुढे सरकवा, सपाट तळाची होडी मागे जड झाली की सुकतीला मागूनच रुतते. अंगात लाइफ जॅकेट घालून हळू फेरी मारा, परत येऊन मशीन दोन्ही हातांनी वर-खाली हलवा आणि दुसऱ्याला कोपऱ्यांवर नजर ठेवायला सांगा. केसाएवढीही रेघ उमटली तर होडी परत ओंडक्यांवर.

आमची पहिल्या दिवशी काकांनीच तपासली. काठीचा आधार घेत आले, आत हात घातला, बुचाजवळचं बोट वर काढून अंगठ्यावर चोळलं, कोरडं होतं. पावसाळ्यात आता ती पालथी असते, टायरांवर, नाळ थोडी वर करून, आणि बुचं सगळी काढून डब्यात ठेवलेली.