शब्बाथ शाळेत कात्री हाती घेण्याआधी

२००६ च्या जुलैतला, चर्चच्या शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या वर्गात) शिकवण्याचा माझा पहिला रविवार. हरवलेल्या मेंढराचा पाठ, एकवीस मुलं, इंटरनेटवरून काढलेला मेंढराचा साचा, कापसाची गुंडाळी आणि फेव्हिकॉलचा मोठा डबा. मुंबईच्या जुलैत फेव्हिकॉल वाळता वाळत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उपासना सुटली तेव्हा कापूस बोटांना होता, फ्रॉकला होता, बाकांना होता; मेंढरं मात्र उघडीच. दारात एका आईने लेकीला विचारलं, "आज काय शिकलीस गं?" ती म्हणाली, "कापूस चिकटवला."

तेव्हापासून मुंबईतल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी मुलांना शिकवते. आठवडाभर बँकेत असते, त्यामुळे तयारीला शनिवारची रात्रच मिळते. दर जूनमध्ये दोन-तीन नव्या शिक्षिका येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "क्राफ्टसाठी काही आयडिया आहेत का?" आयडिया मोबाइलवर ढिगाने आहेत. मी त्यांना उलट विचारते, तुमच्या मेंढराला हरवता येतं का?

म्हणजे काय, ते सांगते. दुसऱ्या वर्षी तोच पाठ आला, शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ ते शोधायला जातो तो, तेव्हा मी शंभर चिंचोके मोजून आणले. एका थाळ्यात ओतले, वर ओढणी टाकली आणि एक हळूच मुठीत लपवला. "मोजा," म्हटलं. पहिल्यांदा अठ्ठ्याण्णव भरले, मग एकशे एक, मग भांडण. तिसऱ्या खेपेला दहा-दहाचे ढीग लावले तेव्हा शेवटच्या ढिगात एक कमी निघाला. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे तो रोज रात्री मोजायचा?" मेंढपाळाला एक कमी आहे हे कळलं कसं, हा विचार माझ्या स्वतःच्या मनात कधी आला नव्हता. मग सगळ्यांनी तो चिंचोका हॉलभर शोधला. खर्च जवळजवळ शून्य, आणि बाक स्वच्छ.

तेव्हापासून माझी कसोटी एकच. हाताने जे करायचं, त्यात गोष्टीतलं काहीतरी घडलं पाहिजे: मोजलं गेलं पाहिजे, वाटलं गेलं पाहिजे, चढलं-उतरलं पाहिजे. आणि ते काय, हे शास्त्रभागाच्या शब्दांतच असतं. म्हणून शनिवारी रात्री आधी मराठी बायबल उघडायचं, मोबाइल नंतर.

दावीद आणि गल्याथाचं घ्या, पोरगा दावीद गोफणीने धिप्पाड गल्याथाला पाडतो ती गोष्ट. नवे शिक्षक हमखास गोफण करायला घेतात. करू नका. आमच्याकडे कागदाच्या गोळ्याने एकाचा चष्मा गेला, आणि तो भरून देताना माझं महिन्याचं गणित बिघडलं. त्यापेक्षा गल्याथ मोजा. पहिल्या शमुवेलाच्या सतराव्या अध्यायात त्याची उंची सहा हात एक वीत दिली आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. भिंतीवर ब्राउन पेपरची पट्टी लावली आणि सात वर्षांच्या एका मुलीला मोजायला सांगितलं. तिच्या हाताने गल्याथ पावणेसात फूट भरला. मुलं हिरमुसली. "टीचर, एवढे तर बास्केटबॉलवाले असतात." मग आमच्या चर्चमधल्या सेवेकरी काकांना बोलावलं. त्यांच्या हाताने रेघ साडेनऊ फुटांवर गेली, त्यासाठी स्टूलवर चढावं लागलं. सगळ्यात लहान पोराला त्या रेघेखाली उभं केलं, तर तो गल्याथाच्या मांडीपर्यंतही धड पोचेना. वर्ग गप्प. मग मागून एक मुलगी: "पण शौल राजा सगळ्यांपेक्षा उंच होता ना? मग तो का नाही गेला?" शौलाचा पाठ महिन्यापूर्वी झाला होता, आणि लोकांत तो खांद्यापासून वर उंच होता हे तिने लक्षात ठेवलं होतं. मी तो संबंध कधी जोडला नव्हता.

(मोठ्या मुलांसाठी एक गंमत: जुन्या ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या एका गुंडाळीत गल्याथ चार हात एक वीत आहे, म्हणजे साडेसहा फुटांच्या आसपास. आमच्या मुलीच्या मापाला जवळजवळ तेवढाच.)

शब्दांकडे बघा म्हणते त्याचं आणखी एक कारण आहे. तयार साचे बहुतेक इंग्रजीतून येतात, आणि चित्रंही तिकडचीच असतात. येशू पाच हजारांना जेवू घालतो त्या गोष्टीत, योहानाच्या शुभवर्तमानात, एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी आहेत. भाकरी! घरात रोज थापली जाणारी वस्तू समोर असताना आपण मुलांना फुगीर पाव रंगवायला देतो. योसेफाचंही तसंच. आमच्या घरच्या जुन्या बायबलात, बापाने या लाडक्या मुलाला दिलेला झगा पायघोळ आहे, इंग्रजी साच्यात तो नेहमी इंद्रधनुष्यी. मूळ हिब्रू शब्दाच्या अर्थाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. आम्ही एकदा खरंच पायघोळ झगा शिवला, जुन्या चादरीचा, आणि तो घालून एकाला वर्ग झाडायला सांगितला. झाडता येईना. "म्हणजे याला काम नव्हतं," भावांच्या रागाचा उलगडा मुलांनीच केला.

भाकरी मी आधी मिठाच्या कणकेच्या करायचे: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी. एका आजीने मला सगळ्यांदेखत सुनावलं. "अगं, उरलेले तुकडेसुद्धा गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका, असं प्रभू ज्या गोष्टीत सांगतो, तीच शिकवताना तू पीठ फुकट घालवतेस?" उत्तर नव्हतंच. आता शाडू वापरते. गणपतीच्या आधी ती मुंबईत कुठेही मिळते. पोतंभर घेऊन ठेवावी. मिठाची कणीक पावसाळ्यात तशीही सर्द होते.

नोहाच्या पाठाबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण नवखे सगळ्यात आधी तोच उचलतात. जिराफ, हत्ती, इंद्रधनुष्य, सोपं वाटतं. महापुरातून वाचायला नोहाने बांधलेल्या तारवाची, म्हणजे जहाजाची, मापं उत्पत्ती या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहेत: तीनशे हात लांब, पन्नास रुंद, तीस उंच. दहा हातांना एक सेंटिमीटर धरला की ३० बाय ५ बाय ३ चा खोका होतो. पुठ्ठ्याचा कापून बघा. गोलमटोल होडी निघत नाही, कंपासपेटीसारखं लांबट काहीतरी निघतं. आमची मुलं म्हणाली, "लोकल आहे ही." हिशेब केला तर लांबी साधारण १३५ मीटर, म्हणजे लोकलच्या सहा डब्यांहून थोडी जास्त. मग कोणता प्राणी कोणत्या डब्यात, यावर दोन रविवार गेले. लेडीज डब्यात कोण, यावर अर्धा तास. इथे सांभाळा: सगळे प्राणी जोडीजोडीनेच नव्हते, शुद्ध पशू सात-सात घ्यायला सांगितलं आहे. हे मला घरी वाचून आलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाने सुनावलं.

पण माझ्या पहिल्याच वर्षी, २००६ मध्ये, कुर्ल्याकडून येणाऱ्या एका मुलाने प्राणी केलेच नाहीत. आदल्या वर्षीच्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि त्याच्या घरात मिठी नदीचं पाणी शिरलं होतं. त्याने तारवाच्या बाजूला एक इमारत काढली, पहिल्या मजल्यापर्यंत निळा रंग भरला, गच्चीवर माणसं काढली. मला विचारलं, "यांना आत का नाही घेतलं?" मी घाईघाईने देवाच्या न्यायाबद्दल काहीतरी पुटपुटले आणि त्याला जिराफ दिला. त्याने तो खिशात ठेवला. आज तो मुलगा समोर असता तर मी शेजारी बसले असते आणि त्याला आणखी एक कोरा कागद दिला असता. नव्या शिक्षकांना एवढंच सांगते: या पाठाला साच्यांच्या बरोबरीने कोरे कागद ठेवा, आणि असा प्रश्न आला की लगेच उत्तर देऊ नका. पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) विचारते म्हणणं चालतं. मुलांना ते आवडतंही.

आता सामान. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागद, मणी, रंग घाऊक भावात मिळतात. शनिवारी दुपारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. मंगलदास मार्केटमधले कापडवाले ताग्यांचे पुठ्ठ्याचे नळे बहुतेक वेळा असेच देतात. लग्नपत्रिकांचा कागद सुंदर असतो, पण एकदा आमच्याकडे एकाने पत्रिकेवरच्या गणपतीवरूनच कात्री चालवली, आणि मदतीला आलेल्या मावशींचा चेहरा उतरला. तेव्हापासून तो भाग मी आधीच घरी कापून बाजूला ठेवते. आपल्याच शेजाऱ्याच्या घरचं कार्य असतं ते.

मे महिन्याच्या शिबिरात बिल्डिंगमधली इतर धर्मांची मुलंही येतात. फॉर्मवर स्पष्ट मराठीत लिहा की इथे बायबलच्या गोष्टी सांगितल्या जातात, आणि आईवडिलांची सही घ्या. 'चित्रकला शिबिर' असं मोघम नाव देऊ नका. आणि कोणत्याही वर्गात दोन मोठी माणसं हवीतच, कटर मोठ्यांच्याच हातात. यावर चर्चा नाही.

वेळ पंचेचाळीस मिनिटं. प्रवचन लांबलं तर तासभर. त्यात गोष्ट दहा मिनिटं, सुवर्णवचन (पाठ करायचं वचन) पाच, आवरणं दहा, उरलेली हातांची.

येत्या रविवारी जक्कय आहे. तो मुख्य जकातदार, आणि आमच्या मुलांना जकात म्हणजे काय ते माहीत नाही. मुंबईतली जकात २०१७ च्या जुलैत बंद झाली, त्यामुळे मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा मलाच आठवतात. गर्दीत येशू दिसावा म्हणून मराठी बायबलात तो उंबरावर चढतो. आमच्या सोसायटीत उंबर आहे, पण खाली दत्ताचा फोटो आणि रोज दिवा. फांदी तोडायचा प्रश्नच नव्हता. दिवा लावणाऱ्या काकूंना विचारलं, त्यांनी पडलेली पानं आणि उंबरं वेचून पिशवीत भरून दिली. "कुणाची गोष्ट आहे?" म्हणाल्या. सांगितली. "बुटका होता होय," म्हणाल्या, "मग बरोबर, याच्या फांद्या खालपासून असतात."

मंगलदासमधून आणलेल्या नळ्याला वर भोक पाडलं आहे. त्यातून दोरा, दोऱ्याला जक्कय. ओढला की वर जातो, सोडला की खाली येतो. काल रात्री मी करून पाहिला तेव्हा तो मध्येच अडकला. गाठ जाड झाली होती. आज बारीक मारणार आहे.