काळपुळीचा फोड ओळखताना या चुका टाळा

दुखत नाही ना, मग राहू दे, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ढोरांची काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स माणसाला कातडीतून लागला की आधी किडा चावल्यासारखी खाजरी पुळी येते, एक-दोन दिवसांत तिच्यात पाणी भरतं, मग ती फुटून मधोमध कोळशासारखी काळी खपली धरते अन् तिच्या कडेला बारीक बारीक पाण्याचे फोड. सूज मात्र बघा, खपली रुपयाएवढी आणि हात पार कोपरापर्यंत सुजलेला असंही होतं, तरी ठणका नाही, पू नाही. साधं केसतूड ठणकतं, पिकतं, म्हणून त्याच्यासाठी माणूस लगेच दवाखान्यात पळतो, अन् हा काळा फोड घेऊन निवांत वावरात जातो, काय म्हणावं बाप्पा!

ब्लेडनं चिरू नका, खपली उचकटू नका. आत पू नसतोच, उलट जंतू पसरायची भीती. आणि बिब्बा तर अजिबात नाही, बिब्ब्यानं चांगली कातडीसुद्धा उततेय अन् काळी पडतेय, मग डॉक्टरांनी फोड ओळखायचा कसा?

डॉक्टरांना ढोराचं सांगायचं राहून जातं, ते आधी सांगा. अचानक मेलेलं ढोर सोललं, मटण कापलं, कातडं उचललं, काहीही असो, कारण फोड बहुतेक 1 ते 7 दिवसांत हात, मान, चेहऱ्यावरच येतो. आपल्याकडे स्क्रब टायफसचीही (बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप) काळी खपली असते, पण ती जास्त करून काखेत, जांघेत, कपड्याखाली लपलेली आणि सोबत सणकून ताप.

औषधाविना 100 पैकी 10 ते 20 जण दगावू शकतात, वेळेत अँटीबायोटिक मिळालं तर एखादाही क्वचितच. पण गोळ्या चालू असल्या तरी खपली काळी व्हायची ती होतेच, म्हणून "गुण नाही" म्हणत कोर्स सोडू नका. चेहरा-मान सुजली, ताप आला तर रात्रीच निघा, सकाळची वाट नको.

ढोर अजून पडलेलंच असेल, नाकातून-गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त दिसत असेल, तर त्याला चिरू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. हवा लागली की जंतू बीजाणू धरतात, म्हणजे टणक कवचाचं रूप घेतात, अन् ते मातीत कित्येक वर्षं टिकतात. ढोरांचे डॉक्टर येईतोवर कुत्र्यांनाही जवळ येऊ देऊ नका.